युद्ध, राजकारण आणि युरोपचं अभिजात संगीत (१९०० ते १९४५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकातलं युरोपचं संगीत पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा ते अनेकांना तुटक वाटतं, कठोर वाटतं, मध्येच सोडून दिल्यासारखं वाटतं. ही संगीतकारांची लहर असावी असं समजून बरेच श्रोते तिथूनच मागे फिरतात, आणि त्यात त्यांचं फार नुकसान होतं. त्या काळात कोण आघाडीवर गेलं, कुणाचा हात तुटला, कुणाला देश सोडावा लागला, कुणाच्या रचनेवर सरकारची नजर पडली हे माहीत झालं की तेच सूर निराळे ऐकू येतात.

संगीताला शब्द नसतात. मग त्यात युद्ध ऐकू कसं येणार?

तोफांचे आवाज आणि कवायतीचे ठेके शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही. खूण बारीक असते. राल्फ व्हॉन विल्यम्स हा इंग्रज संगीतकार १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ४१ वर्षांचा होता. त्याला कुणी सक्तीनं नेलं नसतं, तरी तो सैन्याच्या वैद्यकीय पथकात भरती झाला आणि १९१६ मध्ये फ्रान्समध्ये जखमींच्या गाडीवर काम करू लागला. तिथे एक बिगुलवाला सराव करायचा. वरच्या षड्जावर उडी घेताना तो चुकायचा आणि खालच्या निषादावर पडायचा. व्हॉन विल्यम्सच्या मनात तो चुकलेला स्वर घर करून राहिला.

१९२२ मध्ये लंडनला त्याची ‘पास्टोरल सिंफनी’ पहिल्यांदा वाजली. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना, आणि पास्टोरल म्हणजे गावाकडची, रानाकुरणांची. तिच्या दुसऱ्या भागात वाद्यवृंद एका लांब स्वरावर थबकतो आणि ट्रम्पेट एकटाच बोलू लागतो. हा ट्रम्पेट कळा न दाबता वाजवायचा असतो. त्यामुळे नळीतून आपसूक निघणारे स्वरच त्याला मिळतात, आणि त्याचा निषाद पेटीतल्या कोमल निषादाहूनही थोडा उतरलेला लागतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवेल. नाव ऐकून पुष्कळांनी ही सिंफनी इंग्लंडच्या हिरव्या कुरणांवर बेतलेली आहे असं धरून चाललं. हे युद्धकाळातलंच संगीत आहे, असं व्हॉन विल्यम्सनं पुढे एका पत्रात स्पष्ट लिहिलं.

डेन्मार्क तर युद्धात उतरलाच नव्हता. तरीही कार्ल नील्सनच्या १९२२ सालच्या पाचव्या सिंफनीत एक साइड ड्रम वाद्यवृंदावर चाल करून येतो. तंतुवाद्यं एक रुंद, संथ धून उभी करत असतात आणि हा ड्रमवाला आपल्याच लयीत कडकडत राहतो. बाकीच्यांना काहीही करून थांबवायचंय अशा आवेशात त्यानं मनानं वाजवावं, अशी सूचना स्वरलिपीतच दिली आहे. ज्या परंपरेत प्रत्येक स्वर लिहून दिलेला असतो, तिथे एका वादकाला मोकाट सोडणं ही लहान गोष्ट नव्हती.

१९१४ च्या आधी राजकारण संगीतापासून लांब होतं का?

नाही. फिनलंड रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता तेव्हा तिथल्या सिबेलियस या संगीतकाराची ‘फिनलांडिया’ ही रचना लोकांना राष्ट्रगीतासारखी वाटायची. सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून ती वेगवेगळ्या नावांखाली वाजवली जाई.

लेओश यानाचेकची गोष्ट अधिक बोचरी आहे. १ ऑक्टोबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ब्रनो शहरात चेक विद्यापीठाच्या मागणीसाठी निदर्शनं झाली आणि सैन्यानं संगिनी चालवल्या. फ्रांतिशेक पाव्लिक नावाचा तरुण कामगार त्यात मेला. यानाचेक या चेक संगीतकारानं त्याच्यासाठी पियानोचा सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, लिहिला आणि त्याला नाव दिलं ती तारीख. पहिल्या कार्यक्रमाच्या अगोदर त्यानं तिसरा भाग जाळला. पुढे उरलेले दोन भागही समाधान देईनात, म्हणून त्यानं ते प्रागमध्ये व्लताव्हा नदीत फेकून दिले. ज्या वादिकेनं पहिल्यांदा ते वाजवले होते तिच्याकडे नक्कल राहिली होती, म्हणून आज ते आपल्याला ऐकता येतात.

पहिल्या महायुद्धात कोणते संगीतकार गेले?

यादी लांब आहे. तिच्यातली काही नावं अशी.

फ्रेंच संगीतकार आल्बेरिक मान्यारनं सप्टेंबर १९१४ मध्ये कुटुंबाला सुरक्षित ठिकाणी पाठवलं आणि स्वतः गावातल्या घरात राहिला. जर्मन सैनिक आवारात शिरले तेव्हा त्यानं गोळ्या झाडल्या. सैनिकांनी घर पेटवलं. तो गेला आणि घरात ठेवलेल्या त्याच्या काही हस्तलिखित रचनाही गेल्या.

इंग्लंडचा जॉर्ज बटरवर्थ ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला. वय ३१. आघाडीवर जाण्यापूर्वी त्यानं आपल्या पुष्कळ रचना स्वतःच्या हातानं नष्ट केल्या होत्या. मागे उरलंय ते तासा-दोन तासांत ऐकून संपतं, आणि ते इतकं सुंदर आहे की पुढे काय झालं असतं या विचारानं जीव हळहळतो.

जर्मनीचा रूडी श्टेफान १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर पडला, वय २८. त्याचं नाव जर्मनीबाहेर फारसं घेतलं जात नाही. जिंकलेल्या देशांनी आपल्या मेलेल्या संगीतकारांची आठवण जास्त जपली, हेही राजकारणच.

स्पेनचा एन्रिके ग्रानादोस सैनिक नव्हता. त्याच्या ‘गोयेस्कास’ या ऑपेराचा पहिला प्रयोग जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासमोर वाजवण्याचं निमंत्रण आलं म्हणून त्यानं परतीचा प्रवास पुढे ढकलला. २४ मार्च १९१६ रोजी इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीनं त्याच्या जहाजावर मारा केला आणि तो पत्नीसह बुडाला.

जे वाचले तेही सगळे शाबूत परतले नाहीत. आयव्हर गर्नी हा इंग्रज कवी आणि गीतकार खंदकात बसून गाण्यांना चाली लावत असे. १९१७ मध्ये त्याला विषारी वायूचा त्रास झाला. आधीपासून नाजूक असलेलं मन पुढे पार ढासळलं, आणि १९२२ पासून १९३७ मध्ये मरेपर्यंत तो मनोरुग्णालयातच होता.

राव्हेलनं मेलेल्या मित्रांसाठी लिहिलेलं संगीत इतकं हसरं कसं?

हा प्रश्न त्याला त्याच्या हयातीतच विचारला गेला.

मोरीस राव्हेल अंगानं इतका किरकोळ होता की सैन्य त्याला घेईना. त्याला वैमानिक व्हायचं होतं. खटपट करून शेवटी तो ट्रकचालक झाला आणि १९१६ मध्ये व्हर्दंच्या आघाडीजवळ सामान वाहू लागला. आपल्या ट्रकला त्यानं ‘आदेलाइद’ असं नाव ठेवलं होतं. जानेवारी १९१७ मध्ये त्याची आई गेली. याच काळात त्यानं ‘ल तोंबो द कुपरँ’ हा पियानोच्या सहा तुकड्यांचा संच पुरा केला. कुपरँ हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार, आणि ‘तोंबो’ म्हणजे थोरामोठ्यांच्या स्मरणार्थ रचना करण्याची तिकडची जुनी रीत.

प्रत्येक तुकडा युद्धात मेलेल्या कुणाला तरी अर्पण केलेला आहे. ‘रिगोदाँ’ हे उड्या मारणारं, खणखणीत नृत्य आहे आणि ते दोन भावांच्या नावे आहे. पिएर आणि पास्काल गोदँ हे राव्हेलचे बालमित्र, आघाडीवर पोचले त्याच दिवशी एकाच तोफगोळ्यानं गेले. शेवटची ‘तोकाता’ संगीत-अभ्यासक जोसेफ द मार्लियाव्हसाठी आहे. एप्रिल १९१९ मध्ये हा संच पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला तो मार्लियाव्हची विधवा पत्नी, पियानोवादक मार्गरीत लोंग हिनं. त्या तोकातात एकेक स्वर पुन्हा पुन्हा ठोकत भरधाव धावायचं असतं, बोटांना क्षणाची उसंत नसते. नवऱ्याच्या नावाचा तो तुकडा भरल्या सभागृहात वाजवताना तिनं स्वतःला कसं सावरलं असेल!

संगीत फार आनंदी आहे अशी तक्रार झाली तेव्हा, मेलेले आधीच पुरेसे दुःखी असतात, अशा अर्थाचं उत्तर राव्हेलनं दिलं असं सांगितलं जातं. माझं मत असं की रडणं त्याला जमत नव्हतं म्हणून नाही, मित्रांना नाचताना आठवायचं होतं म्हणून त्यानं हे लिहिलं. याच संचातल्या ‘मेन्युएट’ या नृत्याचा मधला भाग ऐका. तिथे एक जड, काळी सावली हळूहळू वर चढते, आणि मग पहिली नाजूक धून तिच्यावरून चालत परत येते.

शत्रूच्या देशाचं संगीत वाजवायला खरंच बंदी होती?

काही ठिकाणी होती, काही ठिकाणी लोकांनीच ती स्वतःवर लादली. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरल्यावर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं जर्मन ऑपेरा बंद केले. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचा कंडक्टर, म्हणजे संचालक, कार्ल मुक याला मार्च १९१८ मध्ये अटक झाली आणि जॉर्जिया राज्यातल्या छावणीत डांबलं गेलं. इंग्लंडमध्ये गुस्ताव होल्स्ट या संगीतकारानं आपल्या आडनावातला जर्मन वाटणारा ‘फॉन’ काढून टाकला. फ्रान्समध्ये क्लोद दब्युसी या संगीतकारानं १९१५ पासून लिहिलेल्या सोनाटांवर ‘फ्रेंच संगीतकार’ अशी सही केली. कर्करोगानं त्याला पोखरलं होतं. सहांपैकी तीनच सोनाटा पुरे झाले, आणि मार्च १९१८ मध्ये पॅरिसवर जर्मन तोफा डागल्या जात असताना तो गेला.

पण इथे राव्हेलचं एक पत्र वाचण्यासारखं आहे. १९१६ मध्ये फ्रेंच संगीताच्या रक्षणासाठी एक संघटना निघाली. जर्मन आणि ऑस्ट्रियन संगीतकारांच्या ज्या रचनांचे हक्क अजून संपले नाहीत त्या फ्रान्समध्ये वाजवू नयेत, अशी तिची मागणी होती. मोठमोठ्या नावांनी पाठिंबा दिला होता. राव्हेलनं आघाडीवरून कळवलं की मी सभासद होणार नाही. शोनबर्ग ऑस्ट्रियन आहे म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, आणि परक्यांच्या संगीताकडे पाठ फिरवली तर आपलंच संगीत ठरीव साच्यात अडकेल, असं त्यानं लिहिलं. घरात बसून देशप्रेम शिकवणाऱ्यांना लष्करी गणवेशातल्या माणसानं हे सांगितलं होतं. या सगळ्या काळातला हा मला सर्वांत ताठ कण्याचा कागद वाटतो.

एका हातानं वाजवायचा पियानो कॉन्चेर्टो हा काय प्रकार आहे?

कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना. एका हाताचा हा प्रकार थेट युद्धातून आलेला आहे. पाउल विट्गेनश्टाइन हा व्हिएन्नाच्या अतिश्रीमंत घराण्यातला पियानोवादक, तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइनचा थोरला भाऊ. १९१३ मध्ये त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पूर्व आघाडीवर जखमी झाला, रशियनांच्या हाती सापडला आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. सैबेरियात ओम्स्कच्या युद्धकैद्यांमध्ये असताना तो लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं चालवून सराव करायचा. तिथूनच त्यानं आपल्या अंध गुरूला, योसेफ लाबोरला, पत्र लिहून डाव्या हातासाठी रचना मागितली.

सुटून आल्यावर पैशांची चणचण नव्हती, म्हणून त्यानं मोठमोठ्या संगीतकारांना कामं दिली: कोर्नगोल्ड, रिचर्ड श्ट्राउस, हिंडेमिट, प्रोकोफिएव्ह, पुढे ब्रिटन. हिंडेमिटची रचना त्याला पटली नाही, त्यानं ती कधीच वाजवली नाही. ती २००२ मध्ये सापडली आणि २००४ मध्ये पहिल्यांदा ऐकायला मिळाली. प्रोकोफिएव्हचा कॉन्चेर्टोही त्यानं बाजूला ठेवला. तो १९५६ मध्ये बर्लिनला वाजवला सीगफ्रीड राप यानं. रापचा उजवा हात दुसऱ्या महायुद्धात गेला होता.

या सगळ्यांत राव्हेलच्या कॉन्चेर्टोला तोड नाही. जानेवारी १९३२ मध्ये व्हिएन्नात तो पहिल्यांदा वाजला. सुरुवातीला डबल बास गुरगुरतात आणि त्यांच्यातून काँट्राबसून हे वाद्यवृंदातलं सर्वांत खर्जाचं फुंकवाद्य डोकं वर काढतं. अंधारात जमीन हलतेय असं वाटतं. मग वाद्यवृंद उसळून थांबतो आणि पियानो एकटा येतो. डोळे मिटून ऐकलंत तर एकच हात वाजवतोय यावर विश्वास बसणार नाही. युक्ती अंगठ्यात आहे. डाव्या हाताचा अंगठा पंजाच्या वरच्या टोकाला येतो, म्हणून धून तो गातो आणि उरलेली चार बोटं खाली साथ करतात. खालचा स्वर पेडलनं धरून ठेवायचा आणि हात सबंध पट्टीवरून उडवायचा. मध्यावर जॅझच्या अंगानं जाणारी एक कवायत सुरू होते, तिच्यात उत्साहापेक्षा धमकीच अधिक आहे.

विट्गेनश्टाइननं हा कॉन्चेर्टोही मनाप्रमाणे बदलून वाजवला आणि त्यावरून राव्हेलशी त्याचं जोरात वाजलं. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. घराणं ज्यू मुळाचं असल्यानं त्याला व्यासपीठ बंद झालं आणि तो अमेरिकेला गेला. पहिल्या युद्धानं हात घेतला होता, आता देशही गेला.

होल्स्टचा ‘मार्स’ महायुद्ध पाहून लिहिला ना?

‘मार्स’ म्हणजे मंगळ, होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’ या वाद्यवृंद-संचातला युद्धावरचा भाग. समज रूढ आहे, पण त्याचा बराचसा आराखडा ऑगस्ट १९१४ च्या आधीच तयार होता. त्यातला पाच ठोक्यांचा आडवा ठेका मात्र १९१८ मध्ये पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना रणगाड्यांचाच वाटला असणार.

शंभर वादकांचे वाद्यवृंद सोडून संगीतकार सहा-सात जणांवर का आले?

थोडी आवड, पुष्कळसा नाइलाज. स्ट्राव्हिन्स्की या रशियन संगीतकारानं १९१३ मध्ये ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ही नृत्यनाट्याची रचना पुरी केली तेव्हा त्याला शंभराच्या आसपास वादक लागले. युद्ध सुरू झालं तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये होता, तिथेच अडकला. आधी युद्धामुळे आणि मग १९१७ च्या क्रांतीमुळे रशियातून येणारं उत्पन्न आटलं. मग लेखक रामूझबरोबर त्यानं गावोगाव फिरवता येईल असा खेळ बेतला: ‘सैनिकाची कथा’. वादक फक्त सात. तंतुवाद्यांतलं सर्वांत उंच आणि सर्वांत खर्जाचं, म्हणजे व्हायोलिन आणि डबल बास. लाकडी फुंकवाद्यांतून क्लॅरिनेट आणि बसून, पितळी वाद्यांतून कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन. शिवाय तालवाद्यांना एक माणूस. मधलं सगळं गाळलेलं, म्हणून आवाज हाडं दिसावीत तसा उघडा येतो.

सप्टेंबर १९१८ मध्ये लोझानला एक प्रयोग झाला आणि पुढचा सगळा दौरा इन्फ्लुएन्झाच्या साथीनं उधळला. गोष्ट काय, तर रजेवर घरी निघालेला सैनिक आपलं व्हायोलिन सैतानाला देऊन बसतो. त्या वर्षी ती कुणाला समजावून सांगावी लागली नसेल.

एक सावधगिरी: लहान संच युद्धाआधीही होते. शोनबर्गची ‘पिएरो ल्युनेर’ १९१२ ची आहे. युद्धानं ती वाट रुंद केली आणि तिच्यावरून जाणं भाग पाडलं.

रशियन क्रांतीनंतर तिकडचे संगीतकार कुठे गेले?

राखमानिनॉव्ह १९१७ च्या डिसेंबरात कुटुंबासह बाहेर पडला आणि परत गेलाच नाही. पोटासाठी कार्यक्रमांमागून कार्यक्रम करावे लागले, रचना लिहिणं फार कमी झालं. प्रोकोफिएव्ह १९१८ मध्ये गेला आणि १९३६ मध्ये कुटुंबासह मॉस्कोत कायमचा परतला, म्हणजे नेमका शोस्टाकोविचवर वीज कोसळली त्या वर्षी.

शोस्टाकोविचच्या बाबतीत नेमकं काय घडलं?

त्याचा ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा जानेवारी १९३४ मध्ये रंगमंचावर आला आणि दोन वर्षं लेनिनग्राड-मॉस्कोत जोरात चालला. २६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिन तो पाहायला गेला आणि शेवट व्हायच्या आत उठून निघाला. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात बिनसहीचा लेख आला: संगीताऐवजी गोंधळ. हा खेळ वाईट रीतीनं संपू शकतो, असंही त्यात लिहिलं होतं. शोस्टाकोविच २९ वर्षांचा होता. काल कौतुक करणारे आज टीका करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस चौथ्या सिंफनीच्या तालमी चालू असताना ती मागे घ्यावी लागली, आणि पुढची २५ वर्षं ती कुणी ऐकली नाही. जून १९३७ मध्ये त्याचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्हस्की याला गोळ्या घातल्या गेल्या.

अशा वेळी २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये पाचवी सिंफनी वाजली. तिसऱ्या भागात त्यानं सगळी पितळी वाद्यं गप्प बसवली आहेत. नुसती तंतुवाद्यं, बासरी, हार्प असे आवाज एकमेकांत विरत जातात. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी रात्रीतून नाहीसं झालं होतं आणि ज्यांना उघड रडायचीही चोरी होती, असे लोक सभागृहात रडले. त्या भागासाठी तरी ही सिंफनी ऐकाच.

मग येतो शेवटचा भाग. षड्जाच्या भक्कम पायावर विजयाचा घोष होतो, आणि त्यावर व्हायोलिनं आणि फुंकवाद्यं एकच पंचम पुन्हा पुन्हा ठोकत राहतात. दुसरीकडे जाऊच देत नाहीत. सरकारला त्यात सुधारलेल्या कलावंताचा आनंद दिसला. अनेक श्रोत्यांना त्यात दंडुक्याखालचा आनंद ऐकू आला. कंडक्टर तो भाग जलद घेतो की संथ, यावर अर्थ पालटतो. मला संथ पटतो.

आणि सातवी? दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घालण्याच्या थोडं आधी त्यानं ती लिहायला घेतली, आणि मार्च १९४२ मध्ये ती कुइबिशेव्ह या शहरात पहिल्यांदा वाजली. स्वरलिपीची मायक्रोफिल्म तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेत पोचली, आणि टोस्कानिनी या इटालियन कंडक्टरनं ती जुलैमध्ये रेडिओवरून ऐकवली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी ती खुद्द वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबर्गनं उभी केली. रेडिओ वाद्यवृंदातले पुष्कळजण उपासमारीनं मेले होते. आघाडीवरून वाजवू शकणारे सैनिक बोलावले, वादकांना जादा शिधा दिला. कार्यक्रमात व्यत्यय येऊ नये म्हणून सोव्हिएत तोफखान्यानं आधी जर्मन ठाण्यांवर मारा केला, आणि ध्वनिक्षेपकांवरून ते संगीत पलीकडच्या शत्रूलाही ऐकवलं.

हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत संगीताचं काय झालं?

१९३३ मध्ये ज्यू वादक, शिक्षक, कंडक्टर यांना कामावरून काढायला सुरुवात झाली. शोनबर्गला बर्लिनच्या कला अकादमीतून जावं लागलं. पॅरिसमध्ये त्यानं पुन्हा ज्यू धर्म स्वीकारला आणि तो अमेरिकेला गेला. सरकारी संगीत मंडळाचं अध्यक्षपद रिचर्ड श्ट्राउसनं घेतलं. पण त्याच्या ऑपेराचे शब्द लिहिणारा स्टेफान झ्वाइग ज्यू होता. झ्वाइगला लिहिलेलं राजवटीला टोचणारं पत्र गुप्त पोलिसांनी उघडलं आणि १९३५ मध्ये श्ट्राउसला ते पद सोडावं लागलं.

मेलेल्यांनाही सोडलं नाही. १८४७ मध्ये वारलेल्या मेंडल्सझोनचा लाइप्त्सिगमधला पुतळा १९३६ मध्ये काढून टाकला. १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला ‘विकृत संगीत’ नावाचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस विद्रूप करून काढला होता आणि त्याच्या छातीवर ज्यूंचा तारा. जॅझ, ज्यू आणि नवं संगीत या तिघांचा द्वेष एका चित्रात.

नाझींच्या तेरेझिन इथल्या छावणीत व्हिक्टर उलमान, पावेल हास, हान्स क्रासा या संगीतकारांनी लिहिणं सोडलं नाही. क्रासाचा ‘ब्रुंडिबार’ हा मुलांचा ऑपेरा तिथे पन्नासहून अधिक वेळा झाला. १९४४ च्या ऑक्टोबरात हे तिघेही आउशविट्झला मारले गेले. त्यांचं संगीत फक्त करुणेपोटी ऐकू नका, ते उत्तम आहे म्हणून ऐका.

लोकगीतं गोळा करण्यात कसलं आलंय राजकारण?

बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराला विचारायला हवं होतं! फोनोग्राफ घेऊन तो हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन खेड्यांत फिरला आणि आजीबाईंची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपली. १९२० च्या त्रियानों तहानं हंगेरीचा दोन तृतीयांशाहून अधिक मुलूख गेला, आणि त्यानं जिथली गाणी जमवली होती ते कितीतरी भाग परदेशात पडले. त्यानं रुमानियन संगीतावर लिहिलं तर हंगेरियन राष्ट्रवादी त्याला देशद्रोही ठरवू लागले. गाणी सरहद्द पाळत नाहीत, एकमेकांकडून घेत राहतात, आणि त्यातच त्यांची श्रीमंती आहे, या मतावरून तो हलला नाही. १९४० मध्ये तो अमेरिकेला गेला. जाण्याआधी केलेल्या मृत्युपत्रात त्यानं लिहिलं की बुडापेस्टमध्ये हिटलर आणि मुसोलिनीच्या नावाचे चौक आहेत तोवर माझं नाव कशालाही देऊ नका. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो मुंबईतून जातो. वॉल्टर काउफमान हा कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार. युरोपातली हवा बिघडताना पाहून तो १९३४ मध्ये मुंबईत आला आणि बारा वर्षं राहिला. आकाशवाणी मुंबईत तो पाश्चात्य संगीताचं काम पाहायचा. आपण सगळ्यांनी पहाटे रेडिओ लावल्यावर ऐकलेली आकाशवाणीची संकेतधून त्याचीच मानली जाते. तानपुऱ्याच्या झंकारावर तरंगणारी ती व्हायोलिनची ओळ कितीतरी घरांत चहाच्या आधी यायची. ती करणारा माणूस निर्वासित होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

त्याच काळात, १९३५ मध्ये, व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक नसते तर मुंबईतलं हे पाश्चात्य संगीत उभंच राहिलं नसतं. पुढे त्यांच्यातल्याच अनेकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले.

नाझींनी हाकललेल्या वादकांना गोळा करून ब्रोनिस्लाव्ह हूबरमान या व्हायोलिनवादकानं पॅलेस्टाइनमध्ये एक वाद्यवृंद काढला. डिसेंबर १९३६ मध्ये तेल अवीवला झालेल्या त्याच्या पहिल्या कार्यक्रमासाठी टोस्कानिनी मुद्दाम गेला. मुसोलिनीच्या पक्षाचं गीत वाजवायला नकार दिला म्हणून १९३१ मध्ये बोलोन्यात मार खाल्लेला हा माणूस. तोच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला, आणि मेहलींचे चिरंजीव झुबिन मेहता यांनी अनेक दशकं त्याचं नेतृत्व केलं.

जॉन फोल्ड्स हे आणखी एक नाव. युद्धात मेलेल्या सर्व देशांच्या लोकांसाठी या इंग्रज संगीतकारानं ‘वर्ल्ड रेक्विएम’ (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत) लिहिला. तो १९२३ च्या शस्त्रसंधीदिनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे १२०० गायक-वादकांनी सादर केला. १९३५ मध्ये तो भारतात आला आणि दिल्लीला आकाशवाणीत रुजू झाला. भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बसवण्याची त्याची धडपड चालू होती. १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीनं त्याचा अंत झाला.

पहिल्यांदाच ऐकणार आहे. सुरुवात कुठून करू?

‘तोंबो’मधल्या ‘मेन्युएट’पासून. पाच मिनिटांचं काम आहे. मग ‘पास्टोरल’चा दुसरा भाग, मग शोस्टाकोविचच्या पाचवीचा तिसरा. एका दिवसात सगळं उरकू नका. सिंफनीचे भाग सलग ऐकायचे असतात हे खरं, पण ख्यालाच्या विलंबितावर मन रमायला वेळ लागतो तसाच इथेही लागतो, तेव्हा आधी एकेक भाग ओळखीचा करा.

डाव्या हाताचा कॉन्चेर्टो शक्यतो पडद्यावर पाहा, कारण मोकळा उजवा हात कुठे ठेवायचा हा प्रत्येक वादकाला प्रश्न पडतो आणि बरेच जण त्या हातानं बाकाची कड धरून तोल सांभाळतात. विट्गेनश्टाइननं स्वतः वाजवलेलं १९३७ सालचं ध्वनिमुद्रणही मिळतं. त्यात त्यानं राव्हेलच्या ओळींत फेरफार केले आहेत, म्हणून मूळ रचना कानात बसल्यावरच ते लावा.